नियमात बसत नाही

आमच्या शाळेच्या फाटकासमोर झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. श्रीरामपूरपासून फार लांब नसलेलं आमचं गाव. मी तिथल्या शाळेत गणित शिकवतो. दुकानदार अख्ख्या गावाच्या पोरांना वह्या विकायचे आणि त्यांची स्वतःची मुलगी मात्र शाळेत येत नव्हती. स्टाफरूममध्ये यावरून विनोद व्हायचे. "हलवाई कुठं स्वतःची मिठाई खातो?" असं आमचे इतिहासाचे सर म्हणायचे. सगळे हसायचे. मीही हसायचो.

मुलगी बोलताना अडखळायची. चौथीपर्यंत ती गावातल्या प्राथमिक शाळेत होती. उभं राहून कविता म्हणायची वेळ आली की पहिल्याच शब्दावर अडकायची, आणि मधल्या सुट्टीत पोरं तिची नक्कल करत मागे लागायची. एका सकाळी तिनं दप्तर उचललंच नाही. आईबापांनी आठवडाभर समजावलं, मग घरीच शिकवायला घेतलं. आई बारावी झालेली. मराठी, इतिहास ती घ्यायची. बाकीचं दुकानात, बापाशेजारी बसून. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवू, असं त्यांचं ठरलं होतं. आमच्या सरकारी भाषेत अशा मुलांना 'शाळाबाह्य' म्हणतात. सर्वेक्षण आलं की आमच्यातलं कुणीतरी त्या दुकानात जायचं, चहा प्यायचं आणि तिचं नाव त्या रकान्यात टाकून यायचं.

नगरची एक संस्था हिवाळ्यात शाळांसाठी गणिताची स्पर्धा घेते. प्रत्येक शाळेनं पाच मुलं पाठवायची. आमच्या शाळेची मुलं मी तयार करायचो आणि सरावाचे पेपर हातानं लिहून त्या दुकानातून काढून आणायचो. झेरॉक्सचं मशीन मुलगीच चालवायची. तेव्हा ती सातवीच्या वयाची असेल. दुकानात ती फारशी अडखळत नसे, हे मी पाहिलं होतं. पण त्यावर विचार केला नव्हता.

त्या दिवशी तिनं माझी दोन्ही पानं वाचली आणि म्हणाली, "सर, उत्तरांचं पान पण काढू?"

"काढ एक."

"मग तिसरं आधी दुरुस्त करा. पाच नाही, सहा होतात."

प्रश्न असा होता : एकपासून पंचवीसपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला, तर उत्तराच्या शेवटी किती शून्यं येतील? पाचच्या पाढ्यातल्या पाच संख्या, म्हणून मी पाच लिहिलं होतं.

"पंचवीसमध्ये पाच दोनदा येतो ना सर," ती मशीनचं झाकण उचलत म्हणाली. तिला त्यात काही विशेष केलं असं वाटतच नव्हतं.

दुकानात माझेच दोन विद्यार्थी पेन घ्यायला आले होते. आमच्या शाळेचा शिपाईही होता. मुलीचा बाप गल्ल्यावरून म्हणाला, "सर, झेरॉक्सचे पैसे घिऊ का पेपर तपासायचे?"

सगळे हसले. वाईट बोलणारा माणूस नव्हता तो. पोरीचं कौतुक वाटलं, बोलून गेला. मीही हसून "शाबास" म्हणालो, खिशातलं पेन काढून पाचाचा सहा केला. पण फाटकातून आत येईपर्यंत माझे कान तापलेले होते. पंचवीस वर्षं शिकवून झाली होती आणि शाळेत न येणाऱ्या पोरीनं शाळेच्या दारात माझी चूक काढली होती. तेव्हा मी ते असंच मनात मांडलं. दुसऱ्या कुठल्याही प्रकारे मांडता आलं असतं.

चार-पाच दिवसांनी शेठनी मला हाक मारली. मुलीच्या बापाला सगळे शेठच म्हणतात.

"सर, आमच्या ताईला त्या स्पर्धेत बसवता येईल का वो? लई मागं लागलीय. बक्षीस न्हाई मिळालं तरी चालंल. नुस्तं बसायचंय म्हणती."

ती मशीनमागे कागदाचं रीम फोडत होती. फोडता फोडता थांबली.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

आणि मी खरंच विचारलं. इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही ते हे. मी नगरला फोन केला. संस्थेचे कार्यवाह फोनवर होते, हसतमुख माणूस. म्हणाले, "अहो सर, बसवा की! घरी शिकते तर काय झालं? तुमच्या शाळेचं एक शिफारसपत्र द्या. तुमचे पाच आणि ही सहावी. आम्ही खुर्ची टाकू."

म्हणजे कुणाची जागाही जात नव्हती. हेडमास्तर माझ्या शब्दावर सही करायचे. दोन ओळींचं पत्र.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. शेठनी स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. मुलगी या खेपेला मशीनमागे नव्हती, समोरच उभी होती.

"नियमात बसत नाही," मी म्हणालो. "शाळेत नाव लागतं."

आमच्या धंद्यात हे वाक्य फार कामाचं आहे. पालक आले, बदली हवी असलेला आला, दाखल्याची तारीख बदलून मागणारा आला, की हेच बाहेर येतं. समोरचा माणूस नियमाकडे पाहत बसतो, तुमच्या तोंडाकडे पाहत नाही. शेठनीही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. ते मुलीकडे पाहत होते.

"मंग काय करावं लागंल?"

"काय करणार? घाला नाव शाळेत," मी म्हणालो. सहज म्हणालो. माझ्या मनात होतं की विषय संपेल. चहा आला, तो प्यायलो.

जूनमध्ये ती आठवीच्या वर्गात युनिफॉर्म घालून बसलेली होती.

शेठ स्वतः सोडायला आले होते. नवा युनिफॉर्म, नवे बूट. दुकान समोरच, तरी दाराशी बराच वेळ उभे होते. "सर, आता तुमच्या हवाली," म्हणाले. मी काय म्हणालो, आठवत नाही.

पुढच्या शिक्षक-पालक सभेत हेडमास्तरांनी मला पुढं बोलावलं. शाळाबाह्य मूल शिक्षणाच्या प्रवाहात आणलं म्हणून माझं अभिनंदन केलं, गुलाबाचं फूल दिलं. टाळ्या झाल्या. शेठनीही वाजवल्या. मी फूल घेऊन जागेवर येऊन बसलो.

वर्गात ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. उत्तर उभं राहून द्यायचं, ही माझी पद्धत. पहिल्या महिन्यात मी तिला उभं केलं. तिला उत्तर येत होतं, ते डोळ्यांत दिसत होतं, पण शब्द निघेना. मागून कुणीतरी तिच्यासारखंच "प-प-प" केलं. मी त्या पोराला रागावलो आणि तिला म्हणालो, "सावकाश. पण उभं राहूनच." पुन्हा उभं करायचं नाही, एवढं मला करता आलं असतं. ते केलं नाही. सगळ्यांना एक नियम, असं मी मनाशी म्हणायचो.

मग तिनं बोलणं सोडलं आणि सगळं लिहायला लागली. चाचणीत तिची उत्तरं बरोबर असायची, पायऱ्या नसायच्या. मी गुण कापायचो. "पायऱ्या लिही. कुठून आलं ते दिसलं पाहिजे." तिनं पायऱ्या लिहायला सुरुवात केली. एका ओळीत होणारं गणित ती पानभर मांडायची. मी तिच्या वहीवर 'सुधारणा आहे' असा शेरा मारला.

त्या हिवाळ्यात ती माझ्या पाचात होती. नगरला आम्ही एसटीनं गेलो. केंद्रावरून बाहेर आली तेव्हा बाकीची पोरं उत्तरं जुळवत होती. ती एकटी होती.

"कसा गेला?"

"शे... शेवटची चार राहिली सर. वेळ पुरला नाही."

"का गं? तुला तर पटकन येतं."

"पायऱ्या लिहीत होते," ती म्हणाली.

तिला नंबर मिळाला नाही. सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. पुढच्या वर्षी मी नाव विचारलं तेव्हा तिनं मान हलवली. कारण मी विचारलं नाही. दहावी चांगल्या गुणांनी झाली, इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला नगरला गेली. वाया काही गेली नाही. त्या वाक्याच्या आधारानं मी बरीच वर्षं काढली.

यंदा त्या संस्थेनं शिक्षकांची बैठक ठेवली होती. जेवताना तेच कार्यवाह ताट घेऊन माझ्याशेजारी बसले. "सर, आता घरी शिकणाऱ्या मुलांसाठी आम्ही वेगळी खुर्चीच ठेवतो. दर वर्षी येतात दोन-चार. याचं श्रेय तुम्हाला. पहिला फोन तुमचा आला होता. त्या मुलीचं काय झालं पुढं?"

"ती शाळेत आली," मी म्हणालो.

"वा वा! म्हणजे आणखीच चांगलं." आणि त्यांनी माझ्या ताटात एक पुरी वाढायला लावली.

ती पुरी मला खाता आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळा भरलेली असताना, मी दुकानात गेलो. शेठ एकटेच होते. मशीन आता ते चालवतात. मी स्टुलावर बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं : फोन, सहावी खुर्ची, दोन ओळींचं पत्र. झेरॉक्सच्या दिवशी माझ्या मनाला लागलं होतं, तेही सांगितलं.

शेठ गल्ल्यावरची पेन्सिलींची खोकी सरळ करत राहिले.

"म्या तुमाला काय वाईट बोललो हुतो का सर?"

"नाही. तुम्ही गंमत केली होती."

"मंग?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. फोन काढला. "हे मला कशाला सांगता? बसायचं तिला हुतं." नंबर लावला, स्पीकर सुरू केला, फोन गल्ल्यावर ठेवला.

"हां पप्पा."

"सर आलेत. तुला काय तरी सांगायचंय त्यास्नी."

मी फोनकडे वाकून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी लहान झालं, तीन-चार वाक्यांत संपलं. पलीकडे मुलींच्या बोलण्याचा आवाज येत होता. ती कुठंतरी बाजूला गेली असावी, आवाज कमी झाला.

"म्हणजे मी शाळेत यायची गरजच नव्हती?"

"नव्हती."

"पप्पा आहेत का तिथं?"

"हाय गं. ऐकतोय."

ती थांबली. शब्द अडकलाय की विचार करतेय, मला कळेना.

"पप्पा, मला शाळा एक दिवस पण आवडली नव्हती."

शेठ फोनकडे वाकले. "आगं, मी रोज इचारायचो. रोज म्हणायचीस, भारी हाय."

"मीच मागं लागले होते ना स्पर्धेच्या. तुम्ही नवे बूट आणले, युनिफॉर्म आणला. मग कुठल्या तोंडानं सांगू? मला वाटलं, आपणच मागून घेतलंय, तर आता निभवायचं."

मी माफीचं वाक्य मनात तयार करून आलो होतो. म्हणण्यासाठी तोंड उघडलं. पण शेठनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ केली.

"बोल बाळा. सगळं बोल. कितीबी वेळ लागू दे."

ते ऐकत होते. मधे मधे नुसतं "हां" म्हणत होते. पाचवीतली एक मुलगी खोडरबर घ्यायला आली, ती माझ्याकडे पाहायला लागली. मी तिला हातानं थांब म्हटलं.

शेठनी न वळताच फोनवर हात ठेवला.

"सर, तुमी निघा आता."

मी निघालो. शाळेत माझा तास होता, आठवीचा.