त्या पोराचं पुढं काय झालं

आमच्या शाळेतल्या मुलींच्या कबड्डी संघाला मी बास्केटबॉलचा माहितीपट दाखवला, तेव्हा माझ्या मनात फार मोठा हेतू नव्हता. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत चित्रपट संकलनाचं काम करतो. त्यानं तो पाठवला होता. "सर, तुमच्या पोरींसारखीच पोरं आहेत यात, फक्त हातात चेंडू आहे," असं तो फोनवर म्हणाला आणि मला उत्सुकता वाटली.

आगरदांड्याजवळच्या शाळेत मी गणित शिकवतो आणि संध्याकाळी मैदानावर मुलींची कबड्डी घेतो. एका रविवारी दुपारी आठवीच्या वर्गाच्या खिडक्यांवर ताडपत्री टाकून अंधार केला आणि प्रोजेक्टर लावला. मुली बाकं सरकवून खालीच बसल्या. तेवढ्यात आमच्या सगळ्यात चपळ चढाईपटूची आई दारात येऊन उभी राहिली. कोळीवाड्यातली बाई, बोंबील सुकवते आणि मुरूडच्या बाजारात विकते. तिच्या मुलीची लांबच्या एका शहरातल्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड झाली होती. आईनं अजून होकार दिला नव्हता, नकारही नाही.

"मी बी बसू का, मास्तर? कसला खेळ हाय तो बघते."

"बसा ना, वहिनी."

माहितीपट अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरातल्या गरीब वस्तीचा होता. दोन मुलगे आणि एक मुलगी, आणि कॅमेरा कित्येक वर्षं त्यांच्या मागे फिरलेला. तिघांनाही बास्केटबॉलवरच पोट भरायचं होतं, टीव्हीवर दिसायचं होतं. मी भिंतीजवळ उभा राहून मराठीत सांगत होतो. त्यांचं इंग्रजी इतकं भरभर आणि बोलीतलं होतं की निम्मं मलाच कळत नव्हतं. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, तो काय बोलला ते राहू दे. चिडलाय ते कळतंय."

मुलींनी प्रश्नांची सरबत्ती लावली. हे लोक आत, लाकडी जमिनीवर का खेळतात? त्यांचे सर एवढे ओरडतात तरी कोणी रडत कसं नाही? आमची चढाईपटू मात्र त्या पडद्यावरच्या मुलीकडेच बघत होती. ती मुलगी घरी एकटीच ताटात काहीतरी घेऊन जेवत होती. "सर, ती एकटी जेवते म्हणतात, मग कॅमेरेवाले कुठं बसलेत?"

तिची आई पाठोपाठ म्हणाली, "एवढी वरसं घरात मानसं येतात. त्यांना जेवाय कोन वाढत व्हतं?"

मी तो माहितीपट आधी एकट्यानं पाहिला होता. तेव्हा माझं सगळं लक्ष खेळाडूंच्या पायांकडे होतं. हे प्रश्न मला सुचलेच नव्हते.

शेवटच्या दृश्यात दोघांपैकी उंच मुलगा बॅग घेऊन रस्त्याच्या कडेला उभा असतो. लांबच्या कॉलेजानं त्याला खेळासाठी घेतलेलं असतं. तो बसची वाट बघतो आणि पडदा काळा होतो.

"बस आली का?" आईनं विचारलं.

"ते दाखवलेलं नाही, वहिनी."

"पन तो गेला का? आता कुठं हाय?"

"मला ठाऊक नाही."

"मंग कोनाला तरी विचारा की. त्या पोराचं पुढं काय झालं ते कळल्याशिवाय मी काय समजायचं?"

मुली हसल्या, ती हसली नाही. मी मुंबईतल्या त्या विद्यार्थ्याला फोन केला. त्यानं याला विचार, त्याला विचार करत माहितीपट काढणाऱ्यांपैकी एकापर्यंत मजल मारली. दिवाळीच्या सुट्टीत त्याचा फोन आला आणि मी तसाच कोळीवाड्यात गेलो. ती बांबूवर बोंबील टांगत होती. मुलगी तिला जबड्यात जबडा अडकवलेली एकेक जोडी टोपलीतून काढून देत होती.

मी सांगितलं. बस आली होती. मुलगा कॉलेजात गेला, पण वर्षभरानं त्याला संघातून काढलं आणि तो घरी परतला. आता इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या लहान मुलांना खेळ शिकवतो. माहितीपटातली मुलगी परदेशातल्या एका लहान क्लबकडून खेळते. तिसऱ्याचा पत्ता कोणालाच नाही.

आईचे हात थांबले होते. "परत आला तवा घरच्यांनी घेतला ना त्याला?"

"घेतला. आईच्या शेजारच्याच घरात राहतो म्हणे."

"बरं झालं."

मुलगी एकदम म्हणाली, "म्हंजे मी हरून परत येनार असं धरूनच चाललीस तू?"

"हरशील का जिंकशील ते मला काय ठाव? परत यायची वाट हाय का, तेवढं बघते. वाट असंल तर धाडीन."

मग वसतिगृह बघायला आम्ही तिघं गेलो. तिथल्या बाईंनी कौतुकानं ढालींचं कपाट दाखवलं. वहिनींनी न्हाणीघराच्या कड्या लावून पाहिल्या, स्वयंपाकघरात डोकावून डाळीचा वास घेतला. मग अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या मुलींजवळ जाऊन बसल्या. "तुमच्या आधीच्या पोरी आता कुठं असतात गं?"

त्या मुलींना प्रश्न आवडला असावा, कारण सगळ्या एकदम बोलू लागल्या. एक पोलिसात लागली, एकीचं लग्न झालं, एक शाळेत खेळ शिकवते. एकीचा घोटा मोडला, ती गावी गेली. पण मोबाईलवर रोज बोलते, नवीन मुलींना चुका सांगते. वहिनींनी तिची बरीच चौकशी केली. परतीच्या एसटीत त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे तिला."

ती जूनमध्ये गेली. पावसाळा संपायच्या आत तिचा मला फोन आला की इथं नको वाटतं, जेवणात मासा नाही, रात्री झोप लागत नाही. मी फोन तिच्या आईकडे नेला. आईनं ना समजूत घातली, ना रागावली. "ये. चार दिस ऱ्हा. मंग ठरव." ती आली, पोटभर जेवली, संध्याकाळी आमच्या मुलींबरोबर खेळली आणि रविवारी आपणहून बॅग भरून निघाली.

यंदाच्या हिवाळ्यात तिचा संघ पालीला स्पर्धेसाठी आला. वहिनी आणि मी गेलो. इतक्या वर्षांत त्यांनी लेकीचा अख्खा सामना कधी पाहिलाच नव्हता. बाजाराची वेळ आणि सामन्याची वेळ एकच पडायची. माणसांची दाटी होती. मुलगी चढाईला गेली, उजव्या कोपऱ्यातल्या खेळाडूला हुलकावणी दिली, एकीला शिवून आली. दुसऱ्या वेळी मात्र चौघींनी तिला पकडून खाली बसवलं. ती उठली, गुडघा झटकला आणि बाहेर जाऊन बसली.

"ती आत जाताना तोंडानं बोलत व्हती ते काय?" वहिनींनी विचारलं.

"कबड्डी, कबड्डी. दम तोडायचा नाही. परत येईपर्यंत एकाच श्वासात."

"खरंच श्वास घेत न्हाय?"

"घेतला तर बाद."

त्या पदराआड तेच पुटपुटायला लागल्या. थोड्या वेळानं थांबल्या, मोठा श्वास घेतला. "कठीन हाय," म्हणाल्या, आणि पुन्हा सुरू केलं.