दाराचं टेबल

घराचं काम काढलं तेव्हा जुन्या सागवानी दाराचं जेवणाचं टेबल करायचं ठरलं, म्हणून मी जुन्या लाकडाच्या वखारीत गेलो होतो. एक दार आवडलं. त्यावर हात ठेवून साठीचे एक गृहस्थ उभे होते.

"यांच्याच घराचं आहे," वखारवाला म्हणाला. "घर रस्तारुंदीत गेलं. लेकीकडे राहतात. अधूनमधून येतात बघायला."

"कुठं लावणार?" त्यांनी मला विचारलं.

"घरालाच. पुढचं दार म्हणून," मी बोलून गेलो. खरं सांगायचा धीर झाला नाही.

"बरं झालं. एकदा येऊन बघतो." मी पत्ता दिला. येतील असं वाटलं नव्हतं.

दोन महिन्यांनी ते आले. आमच्या गुळगुळीत नव्या दारापाशी जरा थांबले आणि आत आले. समोरच टेबल होतं. चार लोखंडी पायांवर आडवं केलेलं दार, वर काच.

"छान केलंय," ते म्हणाले.

लाकूड वाया गेलं नाही, असं आम्ही सगळ्यांना सांगत असू. पण दार म्हणजे नुसतं लाकूड नव्हे. त्याच्या पलीकडे कुणीतरी असावं लागतं. ते कुठल्याच वखारीत मिळत नाही.

बायकोनं चहा दिला. ते टेबलाशीच बसले, पण चहा संपेपर्यंत कपबशी हातातच धरून राहिले. उठताना ती त्यांनी टेबलावर ठेवली नाही, माझ्या हातात दिली.