दातावरच्या रेघा

गेल्या महिन्यात मी ते पिस्तूल पुन्हा उघडलं. आमच्या नेमबाजी क्लबचं, पॉइंट टू टूचं, वयाने माझ्याहून थोडं मोठंच असेल. आठ वर्षं ते कपाटात बंद होतं. आता कुठूनतरी हवा तो भाग मिळाला, तेव्हा कमिटीने सांगितलं, तुम्हीच उघडा, ट्रिगर तपासा आणि जोडून द्या. मी हो म्हणालो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मॅगझिन काढलं. गोळी बसते ते चेंबर रिकामं आहे ना ते आधी पाहिलं, मग काडी घालून पाहिलं. टेबलावर पांढरा पंचा अंथरला आणि निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे ओळीने मांडत गेलो. जोडताना उजवीकडून परत यायचं, म्हणजे काही विसरत नाही. ही रीत माझी नाही, काकाजींची.

काकाजी आमच्या क्लबची हत्यारं सांभाळायचे. पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेले, रविवारी सकाळी सायकलने यायचे. मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात टूलरूमला, साचे आणि सुटे भाग घडवायच्या कामाला. नेम माझा बेताचाच. पण काकाजींचं टेबल दिसलं आणि मी तिथेच चिकटलो. त्यांनी शिकवायला कधी कंजुषी केली नाही. नियम एकच होता.

"पाहाचं, पुसाचं, तेल द्याचं. घासाचं नाई."

त्याचं कारण असं. ट्रिगरच्या आत नखाएवढा एक दात असतो. तो हॅमरला अडवून धरतो; ट्रिगर ओढला की दात सरकतो, हॅमर पडतो आणि गोळी सुटते. जुन्या पिस्तुलांमध्ये या दाताला कडकपणा असतो तो वरच्या पातळ थरालाच. तो थर गेला की खाली मऊ धातू. मग तो दात किती दिवस धरेल, कोणी सांगू शकत नाही.

मला हे कळत होतं. पण टूलरूममध्ये आमची सगळी इज्जत गुळगुळीतपणावर. बोट फिरवलं आणि अडलं, तर काम परत. काकाजी मला चिडवायचे, "तू कारखान्यातला माणूस. खडबडीत काही दिसलं का हात खाजते तुहा."

त्या वर्षी एक शिक्षिका या पिस्तुलाने सराव करायच्या. त्यांची स्पर्धा जवळ आली होती आणि ट्रिगर अडखळतो अशी त्यांची तक्रार होती. काकाजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धंतोलीतल्या दवाखान्यात नुकतंच झालेलं. तरी त्यांनी भिंग लावून दात नीट पाहिला, उजेडाकडे फिरवून पुन्हा पाहिला.

"दात चांगला आहे. घाण साचली आहे निस्ती. साफ कर अन् जोड." रजिस्टरमध्ये त्यांनी सही केली आणि डोळ्यात थेंब टाकून व्हरांड्यातल्या बाकावर दहा मिनिटं डोळे मिटून पडले.

माझ्या खिशात बारीक घासणीचा दगड होता. तो चुकून आलेला नव्हता. आदल्या दिवशी कारखान्यातून निघतानाच मी तो घेतला होता. दहा-बारा हात मारले असतील. दात आरशासारखा झाला. मग मी सगळं जोडलं.

काकाजी आले. नळी वर धरून त्यांनी ट्रिगरला वजन टांगलं, उचललं. दात हॅमर धरून राहिला. मग चेंबरमध्ये वापरलेल्या गोळीची रिकामी पुंगळी घातली, कारण या जातीचं पिस्तूल अगदी रिकामं चालवलं तर आतली पिन चेंबरच्या काठावर आपटते, आणि ट्रिगर ओढला.

"काय गा! लोण्यावानी झाला!"

"साफ केला ना काकाजी."

"पाह्य बरं. म्हनलं होतं ना, घाणच होती." ते इतके खूश झाले की त्यांनी शिक्षिकाबाईंना हाक मारून बोलावलं.

तिसऱ्या रविवारी बाईंनी मॅगझिन घातलं, वरची स्लाइड मागे ओढून सोडली आणि ट्रिगरला बोटही न लावता गोळी सुटली. नळी शिकवल्याप्रमाणे समोरच होती, म्हणून गोळी वाळूत गेली. बाईंनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि खाली बसल्या.

कमिटीतल्या एकाने पिस्तूल उघडलं. दाताची कड झिजून गोल झाली होती. रजिस्टर काढलं, भिंगाने तपासल्याची सही काकाजींची. पुढचं सगळ्यांनी आपापल्या मनात जुळवलं. "ऑपरेशन झालेला माणूस. त्यायले काय दिसन?" कोणीतरी हळूच म्हणालं, पण काकाजींना ऐकू जाईल इतकंच हळू.

काकाजी म्हणाले, "मले एकदा दात पाहू द्या."

आणि मी म्हणालो, "राहू द्या ना काकाजी. काहून तरास करून घेता?"

सगळ्यांना माझं ते बोलणं समजूतदार वाटलं. दात पाकिटात गेला, पाकीट कपाटात. काकाजींनी भिंग टेबलावर ठेवलं आणि सायकल हातात धरून, तिच्यावर न बसता, फाटकाबाहेर गेले.

मी का बोललो नाही? पोलिसांची, खटल्याची भीती असती तर निदान सांगायला काहीतरी असतं. तसं नव्हतं. क्लबात लोक मला विचारून कामं करायला लागले होते, ते मला आवडत होतं. एवढंच. एवढ्यासाठीच.

मी त्यांच्या घरी जात राहिलो. न जाणं अधिक दिसलं असतं. त्यांनी घरातलं शिलाई मशीन दुरुस्त करणं सोडलं, मग स्वतःची दाढी करणं, मग रस्ता एकट्याने ओलांडणं. डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे. काकाजी मान हलवायचे, पण त्यांना ते पटलेलं नसायचं.

वर्षाच्या आत नात झाली. बारशाला मीही होतो. सूनबाईंनी बाळ त्यांच्यासमोर धरलं, "घ्या ना बाबाजी." काकाजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको. राहू दे." सूनबाई तशाच उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि बाळ आपल्या आईकडे दिलं. मागे बायकांत कोणीतरी बोललंच, "पोरगा असता तं घेतला असता."

काकाजी मला अंगणात म्हणाले, "डोयानं दगा देला गा. आता हातानं देला तं? लेकरू आहे थे."

हे त्यांनी फक्त मला सांगितलं. मी "हो" म्हणालो. त्यानंतर त्या पोरीला त्यांनी कधीच उचललं नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले. मी खांदा दिला, त्यानंतर त्या घरी गेलो नाही.

गेल्या महिन्यात ते पाकीट माझ्यासमोर आलं. दात पंच्यावर ठेवून भिंगाखाली धरला. कड झिजलेली होतीच. पण तिच्या मागे, झीज जिथे पोचली नव्हती तिथे, बारीक रेघा होत्या. एकमेकींना समांतर, एकाच दिशेने गेलेल्या. वापराने अशा रेघा पडत नाहीत, त्या दगडाच्या असतात. काकाजींनी एका नजरेत ओळखलं असतं. म्हणूनच तर मी त्या दिवशी त्यांना पाहू दिलं नव्हतं. गेली आठ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्यांना त्रास होऊ नये म्हणून तसं म्हणालो.

नवा दात बसवला. घासला नाही. वजन टांगलं, धरून राहिला. कमिटीला दात मीच घासल्याचं सगळं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींच्या घरी, काकूंकडे गेलो. त्यांचा मुलगा गांधीबागेच्या बाजारात कपड्याच्या दुकानात नोकरीला, तो गेलेला होता. काकू अंबाडीची भाजी निवडत होत्या, सूनबाई ओट्याशी.

मी सांगितलं. दगडाचं, पाकिटाचं, अंगणातल्या बोलण्याचं. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही.

काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "सहा महिने झोपले नाई ते. उठून उठून दिव्यापाशी आपलं बोट पाहत बसत. मी म्हनो, काय पाहून राहिले? तं म्हने, दिसते का ते पाहून राहिलो." मग माझ्याकडे न बघता, "त्यायले सांगाचं होतं गा. मले सांगून काय करते आता?"

सूनबाईंनी गॅस बंद केला. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हात मागं घेतले ते... म्हणून?"

"हो."

"पोरगी झाली म्हणून नाई?"

"नाही वहिनी. पाडीन म्हणून भ्यायले होते ते."

त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. "आखरीले दवाखान्यात त्यायनं तिले पाहाले बलावलं होतं. दोनदा निरोप आला. मी नाई नेलं. म्हटलं, आयुष्यभर हात नाई लावला, आता कायले पाहिजे."

सांगितल्यावर मोकळं वाटतं असं मी ऐकून होतो. मला तसं काहीच वाटलं नाही. मी आठ वर्षं जे वाहत होतो त्यातलं अर्धं सूनबाईंच्या डोक्यावर ठेवून आलो होतो, आणि माझ्या डोक्यावरचं काही कमी झालेलं नव्हतं.

मी उठलो.

"कुठी चालला?" काकू म्हणाल्या.

"येतो."

"बस खाली." आवाज चढलेला नव्हता. "साडेबाराले पोरगी येते शाळेतून. तिच्या कानावर काय काय पडलं आहे मले माहीत आहे. आजोबाले मी आवडत नव्हती म्हणते. तिले तू सांगशीन. आमी नाई सांगणार तुह्यासाठी."

मी बसलो. सूनबाई आत निघून गेल्या. काकूंनी निवडायची अर्धी जुडी माझ्यासमोर सरकवली. मी पानं खुडायला लागलो. सात वर्षांच्या मुलीला काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, ते जुळवत होतो आणि काही जुळत नव्हतं. बाहेर ऑटो थांबला. मुलगी धावत आत आली, मला पाहून दारातच थबकली.

"आजी, हे कोण वं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.