काच आणि फोटोमधली हवा

फ्रेमचं काम शिकायला मी इतवारीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरांकडे जात होते. काका म्हणायचे सगळे त्यांना. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "काच फोटोले टेकली नाही पाहिजे. मधात माउंट टाकायचा. हवा राहिली पाहिजे." माउंट म्हणजे फोटोभोवतीची ती जाड पुठ्ठ्याची किनार. मला आपलं वाटायचं, ती शोभेची असते. गिऱ्हाइकंही म्हणत, किनार नको, फोटो लहान दिसतो. मग काका जेवायला गेले की मी काच सरळ फोटोवर दाबून फ्रेम करून द्यायचे. कोण बघतंय मागून!

आता नंदनवनात माझं स्वतःचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात एक बाई पदराखाली फ्रेम घेऊन आल्या. सासऱ्यांचा जुना फोटो. डावा गाल आणि डोळा काचेला चिकटून काळपट, चकचकीत झालेला.

"हा एकच फोटो आहे हो त्यायचा," त्या म्हणाल्या. "सासूबाई कळमेश्वरले लेकीकडे गेल्या आहेत, परवा येतात. सकाळी उठल्या की आधी ह्याच फोटोचं तोंड पाहतात. काही करा, पण मोकळा करून द्या."

"कूलरसमोर टांगला होता न?" मी फटकळपणे विचारलं. "आणि माउंट न टाकता कोण्या दीडशहाण्यानं केली ही फ्रेम?"

"काय माहीत. लग्नाआधीची आहे माझ्या."

त्या गेल्यावर मी मागचा हार्डबोर्ड काढला. आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहिलं होतं, 'वर', आणि बाजूला एक बाण. अगं माय! शिकाऊ असताना एकदा मी फ्रेम उलटी जोडली होती. तेव्हापासून वर्षभर मी प्रत्येक बोर्डावर 'वर' लिहीत होते. काका हसायचे, "फोटोतल्या माणसाले डोकं कुठं आहे ते माहीत असते वं." तो दीडशहाणा मीच होते.

मी पातळ पातं घेऊन एका कोपऱ्याशी घातलं. खांद्याचा नखाएवढा तुकडा कागदावरून सुटला आणि काचेवरच राहिला. पातं माझ्या हातून टेबलावर पडलं. अजून बोटभर पुढे त्या माणसाचा कान होता.

फोटो काचेसकट मांडीवर घेऊन मी ऑटोत बसले. गतिरोधक आला की दोन्ही हातांनी तो उचलून धरायचे आणि ऑटोवाल्यावर ओरडायचे. इतवारीत हातठेल्यांच्या गर्दीत ऑटो अडकला, तशी उतरून चालत गेले. काच तडकली असती तर चेहऱ्याचे दोन तुकडे झाले असते.

काकांनी आधी मागचा बोर्ड पाहिला. मग माझ्याकडे.

"तुयंच आहे न हे?"

मी मान डोलावली. वाटलं, आता शिव्या पडतील. पण ते फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले. "काढू नको," ते म्हणाले. "ओढशील तं तोंड काचेवर राहीन. काचेसकट स्कॅन कर, दुसरी प्रत काढ. असली फोटो काचेवरच राहू दे, त्याच्या समोर दुसरी काच लाव. ह्या वेळी मधात हवा ठेव."

तसंच केलं. प्रतीतला डाग कॉम्प्युटरवर काढला. असलीवर तो राहिला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. दोन्ही फ्रेम पाहून त्यांचे डोळे भरून आले. इकडेतिकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "कोणाले सांगू नका ताई. मीच खराब केला हा. दर अमावस्येले ओल्या फडक्यानं पुसत होती. सासूबाई म्हणतात, तूच पाणी घातलं, माया माणसाचं तोंड पुसून टाकलं. दोन महिने झाले, त्या माझ्या हातचा चहा घेत नाहीत."

मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. खरं सांगते, क्षणभर मी गप्पच बसले. दुकानाचं नाव, येणारी-जाणारी गिऱ्हाइकं, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग मी तो जुना बोर्ड काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"हे 'वर' मी लिहिलंय. माउंट मी नाही टाकला. कूलरच्या ओलीनं फोटो काचेला चिकटला. तुमच्या फडक्यानं नाही."

मला वाटलं, आता या ओरडतील, चार माणसं गोळा करतील. पण त्यांनी पर्समधून मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"हेच त्यायले सांगा."

पलीकडे घंटी वाजत होती. पळून जावंसं वाटलं, पण दुकान माझंच होतं.

"कोण आहे?" एक थकलेला आवाज आला.

"आजी," मी म्हटलं, "तुमच्या सुनेनं काही नाही केलं."