ॲव्हरिल कुणाच्या बाजूची

आमच्या क्लबातल्या लोकांची मला किळस येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी गैरसमज करून घ्यायला नको. ॲव्हरिल क्लेग सोडून.

ॲव्हरिल आमच्या भागात शाळेची बस चालवायची. मी शाळा सोडली तेव्हा यॉर्कशरमधल्या यच्चयावत माणसांनी मला अक्कल शिकवली. ही एवढंच म्हणाली, "मग गुरुवारी संध्याकाळी मोकळा असशील, बाळा. चॅपलमागच्या हॉलवर ये."

गेलो. लाकडी ट्रॅक, त्यात चार खाचा, आणि तळहातावर मावतील एवढ्या जुन्या रेसच्या गाड्या बुंगाट पळतायत. जॅग्वार, मसेराती, ऑस्टिन-हीली. गाडीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसते. हातातल्या रिमोटचा बंदुकीसारखा घोडा दाबला की गाडी पळते, वळणावर जास्त दाबला की उडून बाहेर. मग त्या कोपऱ्यावर उभा असलेला माणूस ती उचलून परत खाचेत बसवतो. हे काम सगळ्यांनी आळीपाळीनं करायचं. नियम एकच, जी आधी पडली ती आधी उचलायची. मग ती कुणाची का असेना.

ॲव्हरिल मोडक्या गाड्या जमवते. कुणी चाक तुटलेली लोटस फेकून दिली की ही घरी नेते, नीट करते आणि पळवते. कपाटात ठेवत नाही. "बस काय बघायला असते का?" म्हणते. गाडीत रंगवलेला ड्रायव्हर बसवल्याशिवाय आमच्यात पळू देत नाहीत, आणि अख्ख्या क्लबाचे ड्रायव्हर हिनं रंगवलेत. मिश्या, चष्मे, सगळं. आमच्या कॅप्टनचा, नाइजेल हर्स्टचा, तर दुहेरी हनुवटीसकट.

हा नाइजेल घरं विकतो. सॉसेज रोल खाऊन तेलकट झालेल्या बोटांनी दुसऱ्याच्या गाड्या चिवडतो आणि खिलाडूपणावर भाषणं देतो.

यंदा थॉर्नबी क्लबाशी आमची वर्षाची मॅच होती. सरावात ॲव्हरिल सगळ्यात जोरात. संघात घेतलं कुणाला? नाइजेलच्या मेव्हण्याला. तो सरळ रस्त्यावरही गाडी पाडतो. ॲव्हरिलला शेवटच्या वळणावर उभं केलं. ती चष्मा पुसून उभी राहिली. मी तिच्या पलीकडच्या कोपऱ्यावर.

शेवटच्या फेरीत थॉर्नबीची लाल फेरारी त्या वळणावर उडाली. मागून नाइजेलची पांढरी पोर्श आली, तिला धडकली आणि तीही बाहेर. ॲव्हरिलनं आधी लाल बसवली, मग पांढरी. नाइजेल अर्ध्या गाडीनं हरला.

"तू कुणाच्या बाजूची आहेस गं?" तो सगळ्यांदेखत ओरडला.

"मी कोपऱ्याच्या बाजूची," ती म्हणाली.

आमच्यात चहा झाल्याशिवाय निकालावर सही होत नाही. तोवर उचलणाऱ्यानं "चूक झाली" म्हटलं तर ती फेरी परत पळवतात. नाइजेल अंड्याच्या सँडविचची बशी घेऊन तिच्याजवळ आला. आवाजात लोणी.

"ॲव्हरिल, माझे राणी, हात घसरला म्हण. एवढंच."

"घसरला नाही पण."

"या वयात कुणाचाही घसरतो. पुढच्या वर्षी संघात तुझं नाव पहिलं, शब्द देतो. नाहीतर मग... डोळे गेले की इथं येऊन उपयोग काय?"

त्या हॉलशिवाय तिला गाडी पळवायला दुसरी जागा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाकीचे कपात बघत बसले. त्यांच्या गाड्यांतले ड्रायव्हर हिनं रंगवलेत आणि हे साले कपात बघतायत.

मी म्हणालो, "लाल आधी पडली. मी बघितलंय."

"तू गप रे," नाइजेल म्हणाला. "घड्याळ तरी वाचता येतं का तुला?"

"तुझ्या मेव्हण्यापेक्षा बरं येतं."

ॲव्हरिलनं माझ्या दंडावर हात ठेवला. मग उठली, थॉर्नबीच्या कॅप्टनसमोर जाऊन म्हणाली, "तुमची आधी पडली, म्हणून तुमची आधी ठेवली. करा सही."

सही झाली, मॅचचा चषक थॉर्नबीला गेला. जाताना नाइजेल तिच्याशी बोलला नाही. बाकीचेही नाहीत, कारण त्यांना स्वतःचं तोंडच नाही.

मला वाटलं ती आता यायची नाही. पुढच्या गुरुवारी ती नेहमीसारखी आली. तिची हिरवी ऑस्टिन-हीली काढली, टायर पुसले, खाचेत ठेवली. "कोण पळवतंय माझ्याबरोबर?" कुणी हललं नाही. कोपऱ्यांवरही कुणी गेलं नाही. कोपऱ्यावर माणूस नसला तर गाडी एकदा पडली की संपलं. बाईला हाकलायचं तर तोंडावर तसं बोला तरी. तेवढीही हिंमत नाही. चहा ढवळत बसले.

मी जाकीट काढलं. "मी उचलतो," म्हणालो. "सगळ्या कोपऱ्यांवर."

"धावावं लागेल रे, बाळा."

"धावतो की."

तिनं घोडा दाबला. हीली पहिलं वळण कापून गेली, दुसऱ्यावर पडली. मी खुर्च्यांमधून, नाइजेलच्या पायांवरून उडी मारून पोचलो, उचलली, बसवली.

"चल," मी म्हणालो, आणि पुढच्या वळणाकडे पळालो.