काविळीचं औषध, ताकातून

आमच्या घरात काविळीचं औषध देत असत. मला ते सासूनं दिलं, तिला तिच्या सासूनं. आमच्या निघोज्याचे तर यायचेच, आजूबाजूच्या आठ-दहा गावांतूनही लोक यायचे. पुढं कंपन्या आल्या, तशी बीड-परभणीकडची कामगार मंडळीही यायला लागली. रविवार आणि बुधवार. सकाळी उपाशीपोटी यायचं, पाला वाटून ताकातून घ्यायचा, तीन दिवस. तेल, मीठ बंद. पैसे घ्यायचे नाहीत आणि झाडाचं नाव सांगायचं नाही. नाव सांगितलं की हाताचा गुण जातो, असं सासूनं बजावलं होतं. म्हणून पाला दाराआड वाटायचा आणि उरलेला चोथा गाईला घालायचा, कुणी ओळखू नये म्हणून.

नाव मी इथंही लिहीत नाही, पण आता त्याचं कारण वेगळं आहे. कुणीतरी वाचून करून बघेल.

माझा मुलगा चाकणच्या एका कंपनीत होता. सोळा वर्षांपूर्वी त्याचे डोळे पिवळे झाले. सून म्हणाली, पिंपरीला मोठ्या दवाखान्यात दाखवू. मी नाही म्हटलं. त्या दिवशी ओट्यावर पाच-सहा माणसं औषधाला बसली होती. त्यांच्यासमोरून घरचाच माणूस दवाखान्यात न्यायचा, म्हणजे आपणच आपलं औषध खोटं पाडायचं. तीन दिवसांनी उतार पडला नाही, तेव्हा मी सात दिवसांचं धरलं. आठव्या दिवशी तो बरळायला लागला, मला ओळखेना. तेव्हा नेलं. तिथं तिसऱ्या दिवशी गेला. आधी का आणलं नाही, असं डॉक्टरनं विचारलं होतं. मी सांगितलं, सुट्टी मिळत नव्हती. सून शेजारीच उभी होती.

तेरावा झाला आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा ओट्यावर औषध द्यायला बसले. लोक बरे होत होते, खोटं कशाला सांगू. त्यामुळंच मला काही कळेना. औषध चांगलं होतं आणि नेमकं त्यालाच लागू पडलं नाही, की मुळात त्यात काहीच नव्हतं? काहीच नसेल तर ते सात दिवस मी घालवले.

नात तेव्हा तिसरीत होती. पुढं ती निगडीकडं औषधांच्या कॉलेजात गेली. शेवटच्या दोन वर्षांत एक प्रयोग करावा लागतो, त्याला विषय हवा होता. आपलं औषध तपासू का, असं तिनं विचारलं. बापाचं तिला किती आठवत होतं, मला माहीत नाही. ती त्याच्याबद्दल बोलली नाही, मीही नाही. मी हो म्हटलं.

आणि काय केलं, तर पाला वाटला, गोळे करून सावलीत वाळवले आणि डब्यात घालून दिले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. तिच्या मॅडम हसल्या म्हणे. गोळ्यावरून झाड ओळखता येत नाही. मुळासकट, फुलासकट अख्खं झाड लागतं. ते कागदात दाबून वाळवायचं, आणि जाणकारानं बघून नाव लिहून दिल्याशिवाय प्रयोग सुरूच होत नाही. आमच्यात जे शेवटपर्यंत सांगायचं नसतं, ते त्यांना सगळ्यात आधी लागतं.

आठवडाभर मी तिला टाळलं. मग एका सकाळी बांधावर घेऊन गेले, झाड दाखवलं आणि नाव सांगितलं. ती वाकून मोबाइलवर फोटो काढत राहिली.

प्रयोगाचं तिनं सांगितलं तसं सांगते. पाल्याची पूड करून थोडी पाण्यात भिजवली, थोडी स्पिरिटमध्ये. काचेच्या ताटलीत यकृताच्या पेशी वाढवतात. यकृत म्हणजे मटणात आपण काळीज म्हणतो ते. त्या पेशींना विष घालायचं, मग आपला अर्क घालायचा आणि किती वाचल्या ते बघायचं. एकदा करून भागत नाही. कधी ताटलीत बुरशी धरायची, की सगळं फेकून पहिल्यापासून. मी रोज विचारायचे. ती म्हणायची, थांब गं.

शेवटी एका दुपारी ती आली. मी शेंगा फोडत होते. तीही बसली आणि शेंगा फोडायला लागली, तेव्हाच मी समजले. स्पिरिटमधल्या अर्कानं थोड्या पेशी वाचल्या होत्या. तोच जास्त घातला, तर त्यानंच मेल्या.

"आन् पाण्यातला?"

"त्यात काहीच उतरलं नाही, आज्जी. नुसतं पाणी घातल्यासारखं."

"मी ताकातनं देत व्हते."

"माहितेय मला."

मग ती पुष्कळ बोलली. ताटली म्हणजे माणूस नव्हे, यावरून माणसाचं ठरवता येत नाही. बऱ्याच जणांची कावीळ विश्रांतीनं आपोआप उतरते. हे ती माझ्या समाधानासाठी सांगत होती. मला एवढंच कळलं की जे बरे झाले, ते माझ्याविनाही झाले असते.

धाकटी जाऊ म्हणाली, "आक्का, नाव सांगितलंत, गुण गेला. आता काचेत काय घावनार?"

हे धरून बसायला सोपं होतं. दोन दिवस मी धरून बसलेही. पण मुलाला औषध दिलं, तेव्हा नाव कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्या बुधवारी परभणीकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. त्याला धड बसवत नव्हतं. मी सांगितलं, औषध बंद केलंय, पिंपरीला न्या. ती ऐकेना. दवाखान्यात सगळा दिवस मोडतो, ह्यांचा खाडा होतो म्हणाली. मग चिडली.

"मावशी, तुमच्या घरचं कुणी असतं, तर असंच हाकललं असतं का?"

"व्हता की घरचा. माझाच ल्योक. त्याला सात दिवस दिलं. मेला."

सून कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला जाते. डबा घेऊन ती दारात उभी होती. हे ती पहिल्यांदाच माझ्या तोंडून ऐकत होती. बाईनं नवऱ्याला उठवलं आणि दोघं रस्त्याकडं गेली. सुनेनं चपला घातल्या.

"एवढ्यासाठी पोरीची दोन वर्सं घातलीत?" ती म्हणाली. "मलाच इचारायचं व्हतं की, आत्या."

मी कधी विचारलं नव्हतं. तिची बस आली आणि ती गेली.