चित्रातल्या उंबऱ्यावर

संगणकावर उभं केलेलं घर मी ते बांधून घेणाऱ्या काका-काकूंना दाखवत होतो. फरशीवर ऊन अगदी खरं पडलं होतं. कोचावर बूट घालून एक परकी बाई बसली होती. अशी तयार माणसं आम्ही चित्रात टाकतो. काकूंनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "चपला कुठं काढायच्या?"

यंत्राला ऊन-सावली कळते. घरात शिरताना माणूस बाहेर काय ठेवतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. चित्रात टाकायच्या तयार वस्तूंत शेकडो खुर्च्या होत्या, कुत्रीसुद्धा होती; झिजलेली चप्पल नव्हती. शेवटी ऑफिसच्या दाराबाहेरच्या त्या दोघांच्याच चपलांचा फोटो काढून चित्रातल्या उंबऱ्याशी लावला. बाईला काढून टाकलं.

काकू पुढे वाकल्या. "ह्यांच्या जरा बाजूला सरकवा. दार उघडताना अडकतील."